हात पाठीमागे

चौदा नंबरच्या बोर्डावरच्या मुलीनं उंट हलवला, खुर्चीवर पाय वर घेऊन नीट बसली आणि घड्याळ दाबायचं विसरली.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. दहा-अकराची असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी, रविवार असूनही अंगात शाळेचाच स्वेटर. बाहेर बेळगावची जुलैतली झड लागलेली. आषाढात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून मंगल कार्यालयं स्वस्तात मिळतात. मी पंच म्हणून उभा राहिलेल्या बऱ्याच एकदिवसीय स्पर्धा त्यामुळे पावसातच झाल्या आहेत. मागच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी बारशाचं जेवण शिजत होतं. फोडणीचा वास सरळ हॉलमध्ये यायचा आणि पहिल्या फेरीपासूनच पोरांना भुका लागायच्या.

तिच्या घड्याळात ४ मिनिटं १२ सेकंद होते. १५ मिनिटांचा डाव आणि दर चालीला ५ सेकंद वाढीव. म्हणजे चार मिनिटं काही कमी नाहीत, आणि फार तर मुळीच नाहीत. समोर नववीतला मुलगा, रेटिंग असलेला. त्याच्या लक्षात आलं होतं. मला कसं कळलं विचाराल तर, त्यानं आधी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि मग दोन्ही हात कानशिलांवर ठेवून फारच मन लावून विचार करायला लागला. ते त्याच्या हक्काचं होतं. घड्याळ तिचं चालू आहे, तर तिच्या वेळेत विचार करायला त्याला कोण अडवणार?

३:५०. ३:४९.

बुद्धिबळाच्या नियमांत पंचानं काय करावं याची यादी बरीच लांब आहे. काय करू नये, त्यात एक वाक्य असं आहे की प्रतिस्पर्ध्याची चाल पूर्ण झाली आहे, किंवा तू घड्याळ दाबलेलं नाहीस, हे पंचानं खेळाडूला सांगता कामा नये. बोलून नाही, खोकून नाही, घड्याळाकडे रोखून बघूनही नाही. मी हात पाठीमागे बांधले. ही सवय आहे. हात मोकळे असले की ते कशाकडे तरी बोट दाखवतात.

*

आमच्या घरी बुद्धिबळ होतं आणि पंच नव्हता. म्हणजे आजोबा होते. तेच खेळाडू, तेच पंच.

घर शहापूरचं. बेळगाव इंग्रजांचं होतं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. मधे एक रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. राज्यांच्या हद्दी घरापाशी येऊन थांबणं हे आमच्याकडे १९५६ पासून सुरू झालं असं बाहेरच्यांना वाटतं, पण ती सवय फार जुनी आहे. पटवर्धनांच्या सांगलीशी आजोबांचं नातं राजापेक्षा पटाचं जास्त. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ होतं, आणि तिथं स्पर्धा असली की आजोबा जेवणाचा डबा बांधून आगगाडीनं जायचे, दिवसभर खेळणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहायचे आणि रात्री परत यायचे. स्वतः तिथं कधी बसले नाहीत. घरी सोप्यावर, म्हणजे ओटीवर, मात्र रोज संध्याकाळी बैठक.

सोप्यावरचे नियम आजोबांचे. प्याद्यानं पहिल्या चालीतही एकच घर चालायचं. राजाला एकही शह बसलेला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा व्हायचं. वजिराच्या घरात वजीर, उंटाच्या घरात उंट. प्याद्यानं मात केली तर ती प्यादेमात, आणि हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर कांदाभजी आणायची. हा भज्यांचा नियम भारतीय बुद्धिबळात कुठं सापडणार नाही. तो फक्त आमच्या सोप्यावर होता. पटावरचा पांढरा वजीर हरवलेला. त्याच्या जागी मागावरची रिकामी कांडी. शेजारी सगळी विणकरांची घरं, कांड्यांना तोटा नव्हता. 'कांडीनं शह' असं आम्ही अगदी गंभीरपणे म्हणायचो.

आणि चाल परत घेता यायची. 'थांब गा, बघूलालोय' म्हटलं की झालं. आजोबा हरायला लागले की हे जास्तच यायचं.

माझी आत्या आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली खेळायची, पण सोप्यावर बसून नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून सांगायची, 'दादा, घोडा मरतोय तुमचा.' १९७६ मध्ये पेपरात आलं की पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रोहिणी खाडिलकर खेळायला बसल्या, पुरुष खेळाडूंनी हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मी चौदा वर्षांचा होतो. आजोबांनी बातमी मोठ्यानं वाचली, चष्मा काढला आणि स्वतःशीच म्हणाले, 'पुस्तकात कुठं लिहिलंय, बायकांनी बसायचं नाही म्हणून?' पुढं जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निकाल दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना दूर ठेवता येणार नाही. त्या संध्याकाळी आत्या उंबऱ्यावरून उठून सोप्यावर आली का? नाही आली. आजोबांनीही बोलावलं नाही. पुस्तकात काही लिहिलेलं नसलं तरी उंबरा होताच.

*

दोन वर्षांनी मी पहिल्यांदा खऱ्या स्पर्धेला बसलो, तेव्हा प्यादं दोन घरं चालतं हे मला माहीत होतं. किल्लेकोटही, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, माहीत होता. माहीत नव्हतं ते एवढंच, की किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावायचा. मी आधी हत्ती उचलला. घरी आम्ही दोन्ही हातांनी एकदमच करायचो, एका हातात राजा, एका हातात हत्ती, फुगडी घालावी तसं.

समोरच्यानं हात वर केला. पंच आले. उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी मला विचारलं, 'आधी कशाला हात लावलास?' मी खरं सांगितलं. ते म्हणाले, 'मग हत्तीच खेळ.' आणि गेले.

तीन शब्द. हत्ती खेळलो, राजा मधेच उघडा राहिला आणि वीस चालींत संपलो. येताना गाडीत रडलो नाही, पण निपाणीपर्यंत कुणाशी बोललोही नाही. पुढं कित्येक वर्षं तो पांढरा शर्ट माझ्या डोक्यात होता. इतका तुसडा माणूस! जरा समजावून सांगितलं असतं, 'बाळ, पहिलीच वेळ आहे, जाऊ दे' म्हटलं असतं, तर त्याचं काय गेलं असतं?

काय गेलं असतं ते मला खूप उशिरा, स्वतः पांढरा शर्ट घातल्यावर कळलं. त्याचं काहीच गेलं नसतं. समोरच्या मुलाचं गेलं असतं, आणि त्या मुलाचा चेहरा आज मला आठवतसुद्धा नाही.

*

बँकेत कॅशिअर होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पंचाची परीक्षा दिली, पुढं एक-दोन सेमिनार केले. मोठा पंच नाही मी. इंटरनॅशनल आर्बिटर वगैरे मंडळी वेगळी; आम्ही आपले जिल्ह्यातले, टेबलं मांडणारे, पेअरिंगचा, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचा, कागद चिकटवणारे, पोरांचे मोबाईल गोळा करून त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावणारे. मोबाईल ही आमच्या धंद्यातली मोठी डोकेदुखी. २००३ मध्ये प्लॉवदिवला युरोपियन सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारियोवचा फोन वाजला आणि त्याचा डाव गेला. हा माणूस जगज्जेता होऊन फार दिवस झाले नव्हते. म्हणून मी पोरांना पोनोमारियोवची गोष्ट सांगतो. पोरं ऐकतात आणि मग कुणाच्या तरी आईचाच फोन खिडकीतून 'जय जय महाराष्ट्र माझा' वाजवायला लागतो.

नियमांचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळ्यांत आवडली ती सुरुवातीची प्रस्तावना. तिथं सरळ कबूल केलंय की हे नियम प्रत्येक प्रसंगाला पुरे पडणार नाहीत, फार बारीक नियम केले तर पंचाची विचार करायची मोकळीक जाईल, आणि पंच जाणता, सारासार विचार करणारा आणि पूर्ण निःपक्षपाती आहे असं गृहीत धरलेलं आहे. गृहीत धरलंय! बँकेच्या एकाही परिपत्रकात कॅशिअरला असं काही गृहीत धरलेलं मी वाचलं नव्हतं. तिथं माणूस चोर आहे असं धरून नियम सुरू होतात.

हे नियम करणारी जागतिक संघटना, फिडे, १९२४ च्या जुलैत पॅरिसला स्थापन झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं एकमेव. त्या वेळी खणलेली विहीर अजून काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरी पोरांना मी हे सांगतोच, म्हणजे साल लक्षात राहतं.

*

आमच्या स्पर्धांना खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाककडची पोरं येतात, धारवाड-हुबळीची येतात, कोल्हापूर-सांगलीचीही येतात, एखाददुसरा गोव्याहून. सूचना तीन भाषांत द्याव्या लागतात. घोडा कुणाला घोडा, कुणाला कुदुरे, कुणाला नाईट. हत्ती म्हणजे आने. वजिराला कन्नडमध्ये मंत्री म्हणतात, इंग्लिश मीडियमची सगळी पोरं क्वीन म्हणतात, आणि एकदा एका पोरानं मला विचारलं होतं, 'सर, वजीर पुरुष की बाई?' मी म्हटलं, 'बेटा, मारताना बघत नाही तो.'

पण सगळ्यांना येतो असा एक शब्द आहे: अ‍ॅडजस्ट. मोहरा घरात वाकडा बसला असेल आणि नीट करायचा असेल, तर आधी तसं सांगायचं आणि मगच हात लावायचा. जगभर फ्रेंचमध्ये 'जादूब' म्हणतात, नाहीतर 'आय अ‍ॅडजस्ट'. आमच्या पोरांना हा शब्द जन्मापासून ऐकून माहीत असतो, कारण उभ्या कर्नाटकाचं कामकाज 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' यावर चालतं. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि बसून झाल्यावर म्हणतो, 'अ‍ॅडजस्ट माडी.' इथंच घोटाळा होतो. पटावर ते आधी म्हणावं लागतं. पोरं आधी हात लावतात, चूक कळते आणि मग म्हणतात, 'अ‍ॅडजस्ट, सर!' असली अ‍ॅडजस्टमेंट बसमध्ये चालते.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन मुलं, एक मराठी, एक कन्नड. मराठी मुलाचा हात वर. मी तीन टेबलं पलीकडे होतो. 'सर, यानं घोड्याला हात लावला आणि आता हत्ती खेळतोय.' दुसरा उभाच राहिला. 'नानू मुट्टिल्ल सर.' मी हात नाही लावला.

'मुट्टिदरे आडबेकु,' मी म्हटलं. हात लावला असेल तर खेळावं लागेल.

'मुट्टिल्ल.'

त्याचे डोळे भरले. पहिल्याचेही भरले. शेजारच्या बोर्डावरच्या दोघांना विचारलं, त्यांनी बघितलं नव्हतं. आपापल्या डावात होती ती पोरं, आणि ते बरोबरच होतं. घोडा आपल्या घरात सरळ उभा होता. मी त्या घोड्याकडे बघत राहिलो, जणू तोच काहीतरी सांगेल.

हे लोकांना कळत नाही. पंचाचं खरं अवघड काम नियम लावणं हे नाही. नियम पुस्तकात आहे, लावता येतो. अवघड असतं ते आपण न बघितलेलं. एक म्हणतो लावला, एक म्हणतो नाही, आणि साक्षीला कुणी नाही. मागणी सिद्ध होत नसेल तर डाव होता तसा पुढं चालू करायचा. मी तेच केलं: हत्तीची चाल राहिली, डाव चालू. आणि त्या क्षणी मला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. कन्नड मुलगा खोटं बोलत असेल, तर मी खोट्याला बक्षीस दिलं. तो खरं बोलत असेल, तर हॉलमधले निम्मे पालक आज रात्री म्हणतील, आपल्या पोराला कन्नड पोरापुढं न्याय मिळाला नाही. आणि मी उलटा निकाल दिला असता तर उरलेले निम्मे तेच म्हणाले असते, भाषा तेवढी बदलून. दावा सिद्ध होईपर्यंत डाव थांबवता येत नाही, हे बेळगावकराला निराळं शिकवावं लागत नाही. आमच्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून काय माणसांनी चाली करायच्या थांबवल्यात?

त्या पोरानं घोड्याला हात लावला होता का? मला अजून माहीत नाही. ते दोघंही आता कॉलेजात असतील. विचारावंसं वाटतं, पण विचारून मिळणारं उत्तर तरी मी कशावरून खरं धरणार?

कधी कधी सगळं दिसतं आणि विचारणारंच कुणी नसतं. १९९४ मध्ये लिनारेसला गॅरी कास्पारोव्ह युडिट पोल्गारविरुद्ध खेळत होता. ती सतरा वर्षांची, तो जगातला पहिला. त्यानं घोडा एका घरात ठेवला, बोटं सुटली, चूक दिसली आणि तोच घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवला. एका सेकंदाचा जेमतेम चौथा भाग बोटं सुटलेली होती. टीव्हीच्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. पण पोल्गारनं पंचाला बोलावलं नाही. आणि नियम असा की प्रतिस्पर्ध्यानं हात लावल्याची तक्रार आपण स्वतः पुढची चाल करायला मोहरा धरला की संपते. तिनं मोहरा धरला. संपलं. कॅमेऱ्यात काय होतं याला पटावर काही किंमत उरली नाही. हा प्रसंग मी कितीदा तरी बघितला आहे, आणि दरवेळी माझं लक्ष त्या दोघांकडे नसतं. तिथला पंच कुठं उभा होता हेच मी शोधत असतो.

*

मोठ्या पंचांच्या गोष्टी आम्ही लहान पंच एकमेकांना चहाच्या वेळी सांगतो, तालमीत वस्ताद सांगतात तशा. सगळ्यांत वर लोथार श्मिड. १९७२ ला रेकयाविकला फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्यात फिशर दुसऱ्या डावाला आलाच नाही, श्मिडनं घड्याळ चालू केलं आणि तासाभरानं डाव स्पास्कीला दिला. इथपर्यंत नियम. तिसरा डाव मात्र प्रेक्षकांपासून, कॅमेऱ्यांपासून लांब, मागच्या एका खोलीत खेळवला गेला, कारण फिशरला कॅमेऱ्यांचा आवाज सहन होत नव्हता आणि स्पास्की मोठ्या मनानं तयार झाला. हे कुठल्या नियमात बसतं? माझं मत सांगायचं तर कुठल्याच नाही. पण ते झालं नसतं तर सामना तिथंच मोडला असता. सहा वर्षांनी बागिओला कार्पोव्ह-कोर्च्नॉय सामन्यात तोच श्मिड. तिथं कार्पोव्हला मधेच आलेल्या जांभळ्या दह्याच्या वाटीवरून तक्रार झाली की हा काही संकेत असेल, आणि मग दही कधी, कसलं यायचं हे ठरवून द्यावं लागलं. जगज्जेतेपदाच्या सामन्यात पंचानं दह्याचा निकाल द्यायचा! आमच्याकडे अजून कुंद्यावरून कुणी तक्रार केली नाही, पण केलीच तर माझी तयारी आहे.

२००६ ला एलिस्ताला जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिक आणि टोपालोव्हमध्ये स्वच्छतागृहावरून भांडण, क्रामनिक डावाला बसलाच नाही, आणि पंच गर्ट गायसनला पाचवा डाव टोपालोव्हला द्यावा लागला. सामना शेवटी क्रामनिकनंच जिंकला, पण तो डाव कागदावर हरल्याचाच राहिला. आणि २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जागतिक जलद स्पर्धेत मॅग्नस कार्लसनची जीन्स, जी नियमात बसत नव्हती. दोनशे डॉलर दंड, कपडे बदलून ये म्हटलं, तो उद्यापासून बदलतो म्हणाला, पुढच्या फेरीत त्याला घेतलं नाही, तो निघून गेला. दोन दिवसांत नियम सैल झाला आणि तो ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद स्पर्धा, खेळायला परत आला. आमच्या चहाच्या टपरीवर यावरून दोन तट पडले. मी पंचांच्या बाजूचा. नियम खुळा असू शकतो, पण खुळा नियम बदलायची जागा नवव्या फेरीच्या आधीचा अर्धा तास ही नव्हे. जो सगळ्यांत चांगला खेळतो त्याच्यासाठी तो बदलला, हे तर मला अजून टोचतं. चौदा नंबरच्या बोर्डासाठी कुणी बदलला असता?

एक गोष्ट मात्र मी शब्दशः अंगावर वागवतो. २०१७ च्या कॅनडाच्या अजिंक्यपदाचा टायब्रेक, काही सेकंद उरलेले, निकोलाय नोरित्सिनचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. वजीर टेबलावर नव्हता. प्रतिस्पर्धी बातोर सांबुयेवच्या मुठीत होता. नोरित्सिननं हत्ती उलटा ठेवला आणि वजीर म्हणून खेळायला गेला. जगभर लोक गल्लीत असंच खेळतात. पंचानं थांबवलं: उलटा हत्ती हा हत्तीच. डाव गेला, अजिंक्यपद गेलं. घड्याळ थांबवून पंचाकडे वजीर मागायचा हक्क त्याला होता, पण त्या धांदलीत कुणाला सुचतं?

ते वाचल्यापासून माझ्या शर्टाच्या खिशात दोन वजीर असतात, एक पांढरा, एक काळा. कुणाचं प्यादं सातव्या घरात पोचलं की मी जवळ जाऊन दोन्ही टेबलाच्या कडेला ठेवतो. हे करायला परवानगी आहे. बायको म्हणते, इस्त्री करताना शर्टात कधी पांढरा सापडतो, कधी काळा, दुसरा नेहमी वॉशिंग मशीनमध्ये असतो.

आमच्या सोप्यावरची कांडी मला त्या वेळी आठवली होती. उलटा हत्ती हत्तीच, तर कांडी काय? कांडीच.

*

२:३१.

नियम बदलतातही, आणि त्याचा पंचाला वेगळाच त्रास होतो. मी सुरुवात केली तेव्हा जलद बुद्धिबळात घड्याळाचा झेंडा पडलेला, म्हणजे वेळ संपलेली, पंचाला दिसला तरी त्यानं बोलायचं नाही असा नियम होता; खेळाडूनंच बघून मागायचं. जुन्या चावीच्या घड्याळांचा तो लाल झेंडा, मिनिटकाटा त्याला हळूहळू वर उचलतो आणि मग टप्पकन सोडतो. पडलेला झेंडा, त्यावर वाकून दोन मुलं खेळतायत, आणि आपण तोंड मिटून उभे. २०१४ पासून ते बदललं. आता दिसला की पंचानंच सांगायचं. अनेक चुका आता दिसल्या की लगेच सांगायच्या असतात. पण न दाबलेल्या घड्याळाचं तोंड अजून बंदच आहे. मला वाटतं ते बरोबर आहे. घड्याळ दाबणं हा चालीचाच भाग आहे, आणि चाल सांगायची नसते.

असं मला वाटतं. ते दुसऱ्याच्या पोराबद्दल असलं की सोपं जातं.

दीड मिनिट राहिलं तेव्हा मी तिथून हललो. खरं तर हलायचं कारण नव्हतं. अकरा नंबरवर कुणीतरी पाण्याची बाटली पाडली होती तेवढं निमित्त. परत आलो तेव्हा तिच्या घड्याळात ०:२२. आणि त्याच वेळी तिनं मान वर केली, घड्याळ बघितलं, आणि तिचा हात इतक्या झटक्यात गेला की समोरचा मुलगा दचकला. बावीस सेकंदांत आणि चालीमागे पाच-पाच सेकंदांत ती अकरा चाली खेळली. स्थिती तिचीच चांगली होती, मला शपथ घालून विचाराल तर जिंकणारीच होती. बाराव्या चालीला घड्याळ शून्यावर आलं. ते मात्र मला सांगावं लागलं. 'टाईम.' तिच्या डावात मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

चहाच्या वेळी तिची आई आली. साडीवर रेनकोट, हातात डब्याची पिशवी.

'सर, तुम्ही तितंच उभारला होतासा की.'

'होय.'

'दिसलं न्हाई तुम्हाला?'

'दिसलं.'

'मग? एवढं "बाळ, घड्याळ" म्हणाय काय पैसे पडत होते?'

मी तिला नियम सांगितला. समोरच्या मुलावर अन्याय झाला असता म्हणालो. माझ्या कानाला ते बँकेतल्या खिडकीमागून बोलल्यासारखं वाटत होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'खानापूरच्या पलीकडनं पहिल्या गाडीनं आलोय आम्ही,' आणि पिशवी उचलून पोरीकडे गेली. त्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्या पांढऱ्या शर्टवाल्याजवळही नव्हतं, म्हणून तो तीन शब्दांत गेला असेल.

पाचव्या फेरीत ती तेवीस नंबरवर होती. समोर तिच्याहून लहान, चष्मेवाला मुलगा. मी त्या रांगेत मुद्दाम गेलो नाही, पण सहायक पंच जेवायला गेले आणि जावं लागलं. ती चाल करायची आणि दर चालीला घड्याळावर अशी चापट मारायची की टेबल हलायचं. दहाव्या-बाराव्या चालीला तिच्याच चापटीनं तिचाच घोडा आडवा झाला. चष्मेवाल्यानं हात वर केला.

मी गेलो. घोडा पडलेला, घड्याळ त्या मुलाचं चालू. मी ते थांबवलं.

'बाळ, पडलेला मोहरा आपल्या वेळेत उभा करायचा. आणि घड्याळ इतक्या जोरात मारायचं नसतं.' मी तिचं घड्याळ चालू केलं.

तिनं माझ्याकडे वर बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणजे तिच्याच घड्याळातले सात सेकंद.

'आता बोललासा होय, सर?'

मग 'अ‍ॅडजस्ट' म्हणाली, आणि घोडा उभा केला.